खारबांधाची शिकवण : उलवे परिसरांतील लोकसंघटनेचा इतिहास

धर्मग्रामाच्या जुबिलीच्या स्मरणिकेंत देवमंदिराचा पाया कोणत्या सालीं घातला, घंटा कोणीं दिली, वेदीवरील मूर्ति कोठून आली, ह्या गोष्टी आदरानें नमूद करण्याची आपली जुनी चाल आहे. ती चाल योग्यच होय, व ह्या पुस्तिकेच्या इतर पानांवर ती पाळली गेली आहे. आमच्या वांट्यास मात्र संपादक मंडळींनीं निराळें काम दिलें. ज्या भूमीवर आपलीं मुलें खेळतात व आपले वृद्ध सायंकाळीं फिरावयास जातात, त्या उलव्याच्या भूमीचा वृत्तांत आम्हीं लिहावा, अशी त्यांची आज्ञा झाली. लिहावयास बसलों तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं, जुबिली ह्या शब्दाचा मूळ संबंध घंटेशीं नसून जमिनीशीं आहे. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत पन्नासावें वर्ष योबेल म्हणून पाळावयास सांगितलें आहे. त्या वर्षीं रणशिंग फुंकावें, दासांना मोकळें करावें, आणि ज्याची वडिलोपार्जित जमीन गरजेपायीं दुसऱ्याच्या हातीं गेली असेल त्याला ती परत मिळावी, असा तो नियम होता. तेव्हां ज्यांची जमीन गेली त्यांची आठवण न करतां जुबिली साजरी करणें म्हणजे शब्द ठेवून अर्थ टाकून देणें होय. म्हणून ह्या लेखांत आम्ही देवमंदिराचा इतिहास न सांगतां शेजाऱ्यांचा इतिहास सांगणार आहों.

आज जेथें रुंद रस्ते व ओळीनें उभ्या राहिलेल्या इमारती दिसतात, तेथें एके काळीं पनवेलच्या खाडीचें खाजण व भाताचीं खाचरें होतीं. उलवे, तरघर, कोंबडभुजे, वहाळ, मोरावे, बामणडोंगरी, गव्हाण, न्हावा हीं गांवें आगरी, कोळी व कराडी लोकांचीं. कोणी मीठ पिकवी, कोणी खाडींत जाळें टाकी, आणि बहुतेक सारे पावसाळ्यांत भात लावीत. ही भातशेती देशावरच्या शेतीसारखी आयती मिळालेली नव्हती. ती समुद्रापासून हिसकून घेतलेली होती. खाजणाच्या चिखलांत माती व दगड यांचा बांध घालून भरतीचें पाणी अडवावें, पावसाच्या गोड्या पाण्यानें कांहीं वर्षें मातींतील खार धुऊन जाऊं द्यावा, आणि मग तेथें लावणी करावी, असा तो उद्योग होता. बांधांत ठिकठिकाणीं उघाडी ठेवीत. ओहोटीच्या वेळीं तिच्यांतून शेतांतलें पाणी बाहेर जाई, व भरती आली म्हणजे तिचें दार मिटे.

हा बांध कोणा एकाचा नसे. खेंकड्यांनीं तो पोखरला, किंवा उधाणाच्या लाटेनें त्याला खांड पडली, तर खारें पाणी एकट्याच्या शेतांत थांबत नसे. तें साऱ्या खाचरांतून पसरे, आणि मग पुढील कांहीं वर्षें तेथें पीक येत नसे. म्हणून खांड पडल्याची हांक कानीं येतांच साऱ्या गांवानें फावडीं व टोपल्या घेऊन धांवावें, हा रिवाज होता. त्या वेळीं भाऊबंदकीचें भांडण बाजूस राही. १९४८ सालच्या कायद्यानें सरकारनें खारभूमीसाठीं मंडळ स्थापिलें. तत्पूर्वीं पिढ्यान् पिढ्या हें काम रयतेनेंच बहुतांशीं चालविलें होतें. आज शहरांत ज्याला लोकसंघटना म्हणतात ती विद्या ह्या किनाऱ्यास पुस्तकांतून आली नाहीं. ती बांधावरच्या चिखलांत जन्मास आली, असें आमचें मत आहे.

ही विद्या बांधापुरतीच राहिली नाहीं. शेजारच्या उरण तालुक्यांत चिरनेर येथें २५ सप्टेंबर १९३० रोजीं शेतकऱ्यांनीं जंगल सत्याग्रह केला, व तेथील अक्कादेवीच्या रानांत गोळीबार होऊन माणसें धारातीर्थीं पडलीं. त्यानंतर तीनच वर्षांनीं अलिबाग तालुक्यांतील चरी येथें नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं कुळांनीं खोतांविरुद्ध संप पुकारला. पिकाचा मोठा वांटा खोताच्या घरीं जावा आणि राबणाऱ्यानें उपाशी रहावें, हें आतां चालणार नाहीं, असें ठरवून त्यांनीं नांगरच खालीं ठेवला. १९३३ पासून १९३९ पर्यंत जमिनी पडीक राहिल्या. बायकामुलांनीं लांकडें विकून व मासे धरून दिवस काढले, पण फूट पडूं दिली नाहीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं ह्या लढ्यास पाठिंबा दिला व १९३७ सालीं खोती नष्ट करण्याचें विधेयक मुंबईच्या विधिमंडळांत मांडलें. १९३९ सालीं कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला. ज्या जिल्ह्यानें सहा वर्षें नांगर न धरतां दम धरला, त्या जिल्ह्याच्या लोकांना पुढें जें करावें लागलें तें समजावयास हा मागील इतिहास उपयोगी पडेल.

आतां नव्या शहराकडे वळूं. मुंबई बेट माणसांनीं भरून वाहूं लागलें होतें. १९६५ सालीं चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल ह्या तिघांनीं ‘मार्ग’ नामक नियतकालिकांत अशी सूचना मांडली कीं, शहराला उत्तरेकडे लांबवीत न बसतां खाडीच्या पूर्वेस दुसरें शहर वसवावें. सरकारनें ती उचलली. १७ मार्च १९७० रोजीं सिडको ही संस्था स्थापन झाली, आणि ठाणें, पनवेल व उरण ह्या तालुक्यांतील ९५ गांवांची जमीन नव्या शहरासाठीं निश्चित करण्यांत आली. ह्या योजनेमागील विचार हीन नव्हता, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. जमीन आधीं सरकारनें घ्यावी, रस्ते, पाणी व गटारें करावीं, त्यामुळें तिची किंमत वाढेल, आणि ती वाढ दलालांच्या खिशांत न जातां शहराच्याच सोयींसाठीं खर्च व्हावी, असा तो हिशेब होता. परंतु ह्या हिशेबांत एका माणसाची बाजू मांडावयाची राहून गेली. ज्याच्या आजानें बांध घालून समुद्रापासून जमीन मिळविली, त्या शेतकऱ्यास जुन्या भावानें पैसे मिळाले; वाढलेल्या किंमतींत त्याचा वांटा काय, हें कोणीं विचारलें नाहीं.

तो प्रश्न विचारणारा पुरुष ह्याच मातींत जन्मला. दिनकर बाळू पाटील, ज्यांना सारे लोक ‘दि. बा.’ म्हणत, हे १९२६ सालीं उरण तालुक्यांतील जासई गांवीं एका शेतकरी कुटुंबांत जन्मास आले. ते वकील झाले, शेतकरी कामगार पक्षाचे पुढारी झाले, पनवेलहून पांच वेळां विधानसभेवर व कुलाबा मतदारसंघांतून दोन वेळां लोकसभेवर निवडून गेले. त्यांची मागणी सरळ होती. शहर होऊं नये, असें ते म्हणत नव्हते. शहर ज्याच्या जमिनीवर होतें त्याला त्या शहरांत भाग मिळावा, असें त्यांचें म्हणणें होतें. जानेवारी १९८४ मध्यें ह्या मागणीसाठीं हजारो शेतकरी बायकापोरांसह रस्त्यावर आले. १६ व १७ जानेवारी ह्या दोन दिवसांत जासई व भोंवतालच्या भागांत पोलिसांच्या गोळीबारानें पांच शेतकरी मृत्युमुखीं पडले. दरवर्षीं जासई येथें त्यांचा स्मृतिदिन पाळतात.

त्या रक्ताचा व त्यानंतरच्या चिकाटीचा परिणाम असा कीं, १९९० सालीं सरकारनें साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकांस परत देण्याचा निर्णय केला, व १९९४ सालीं त्यांत सुधारणा केली. सर्वांस समजेल असा हिशेब मांडूं. एक एकर म्हणजे ४० गुंठे. ज्याचा एक एकर गेला, त्याला रस्ता व पाणी यांची सोय असलेल्या जमिनीपैकीं पांच गुंठे, व त्यांतूनहि सार्वजनिक सोयींसाठीं कांहीं भाग वजा करून, मिळावयाचे. हें पुष्कळ कीं थोडें, ह्याविषयीं मतें भिन्न असूं शकतील. परंतु घेतलेल्या जमिनीचा अंश तिच्या धन्यास परत देण्याचें तत्त्व येथें मान्य झालें, आणि तें भिक्षा मागून मिळालें नाहीं. योबेलाच्या नियमाची ही एक लहानशी छाया आहे, असें आम्हांस वाटतें.

उलव्यांतील पुष्कळ इमारती ह्याच साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर उभ्या आहेत, हें आपणांपैकीं किती जणांस ठाऊक असेल? आम्हांस तें एका वृद्ध आगरी गृहस्थांनीं शिकविलें. आम्ही एका नव्या कुटुंबाचें घर आशीर्वादित करण्यास गेलों होतों. फाटकापाशीं ते बसले होते. आमचा झगा पाहून त्यांनीं हात जोडले व सहज म्हणाले, “फादर, तुम्ही ज्या जिन्यानं आता वर चाललाव ना, त्याच्या खाली आमची उघाडी होती.” त्यांच्या स्वरांत राग नव्हता. एखाद्यानें आपल्या बापाचें नांव सांगावें तसें त्यांनीं तें सांगितलें. आम्ही वर गेलों, चारी भिंतींवर पवित्र पाणी शिंपडलें, पण त्या दिवशीं प्रार्थना म्हणतांना आमचें लक्ष सारखें पायाखालच्या जमिनीकडे जात होतें.

जमिनी गेल्या तरी गांवठाणें राहिलीं होतीं. विमानतळासाठीं तींहि गेलीं. २००७ सालीं केंद्र सरकारनें नवी मुंबईच्या विमानतळास तत्त्वतः मान्यता दिली. सुमारें १,१६० हेक्टरांच्या त्या क्षेत्रांत दहा वस्त्या येत होत्या. उलवे, गणेशपुरी, तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोपर, कोल्ही, वाघिवली, वाघिवलीवाडा व वरचें ओवळें हीं त्यांचीं नांवें. आम्ही तीं मुद्दाम एका ओळींत लिहिलीं आहेत. ज्या गांवावरून आपल्या वसाहतीस नांव मिळालें, तें उलवे गांव स्वतः आपल्या मूळ जागीं राहिलें नाहीं. गांवकऱ्यांनीं सभा घेतल्या, काम अडविलें, बोलणीं केलीं. अखेर २०१४ सालीं त्यांच्यासाठीं साडेबावीस टक्के विकसित जमिनीची तजवीज मान्य झाली. सुमारें तीन हजार कुटुंबें वडघर, वहाळ वगैरे ठिकाणीं नव्या भूखंडांवर गेलीं. टेकडी सुरुंगांनीं फोडून सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळविला, ग्रामदैवतांचीं देवळें दुसरीकडे बांधावीं लागलीं. ज्यानें आपल्या आईबापांस एका ठिकाणीं अखेरचा निरोप दिला आहे, त्याला तें ठिकाण सोडतांना काय वाटतें, तें शब्दांनीं सांगतां येत नाहीं.

१८ फेब्रुवारी २०१८ रोजीं विमानतळाची कोनशिला बसली, ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं त्याचें उद्घाटन झालें, व त्याच वर्षीं नाताळाच्या दिवशीं तेथून पहिलीं प्रवासी विमानें उडालीं. तत्पूर्वीं ह्या विमानतळास दि. बां.चें नांव द्यावें, म्हणून भूमिपुत्रांनीं मोठें आंदोलन केलें. १० जून २०२१ रोजीं गांवोगांवच्या लोकांनीं मानवी साखळी उभी केली, व २४ जूनला, म्हणजे दि. बां.च्या स्मृतिदिनीं, हजारोंच्या संख्येनें ते बेलापुरास जमले. २०२२ सालीं राज्याच्या विधिमंडळानें त्या नांवाचा ठराव संमत केला.

येथें आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. साखळीच्या त्या दिवशीं आम्ही एका आजाऱ्यास ख्रिस्तशरीर देण्यास निघालों होतों. रस्त्याच्या कडेस माणसें हातांत हात धरून उभीं होतीं, वाहनें खोळंबलीं होतीं, आणि आमच्या मनांत पहिला विचार आला तो हाच कीं, आज उशीर होणार. जे उभे होते ते कोण, व काय मागत आहेत, हें विचारण्याचें आम्हांस सुचलें नाहीं. वाट मात्र त्यांनींच करून दिली. आम्ही धर्मगुरू असून आमची ही गत. मग जे येथें घर घेऊन नुकतेच रहावयास आले, त्यांस बोल कसा लावावा?

आणि आपण सारे नुकतेच आलों. नेरुळ व बेलापुराहून खारकोपरपर्यंत आगगाडी ११ नोव्हेंबर २०१८ पासून धांवूं लागली. १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडीचा सागरी सेतु खुला झाला व त्याच दिवशीं रेल्वे उरणपर्यंत गेली. वसई, मुंबई, गोवें, मंगळूर व केरळ येथून कुटुंबें आलीं. मुंबईंत घर परवडेना, म्हणून आलीं. त्यांत पाप कांहींच नाहीं. परंतु एकाच मजल्यावर दोन दोन वर्षें राहून शेजाऱ्याचें नांव ठाऊक नसावें, अशी स्थिति आम्हीं घरोघरीं पाहिली आहे.

ख्रिस्ती लोकांनीं तर हें सारें लौकर ओळखावयास हवें होतें. कारण आपल्याच भाऊबंदांनीं तें भोगलें आहे. साष्टींतील ईस्ट इंडियन समाजानें आपली ओळख व हक्क राखण्यासाठीं १८८७ सालीं मुंबईंत आपली संस्था काढली. त्याच साष्टींतील सहार गांवच्या शेतांवर पुढें मुंबईचा विमानतळ पसरला, आणि भात लावणारीं कुटुंबें धांवपट्टीच्या कडेच्या गल्ल्यांत राहिलीं. दुसरीकडे, वांद्रे येथें १९१८ सालीं साल्सेट कॅथलिक सहकारी गृहसंस्था स्थापन झाली. मध्यम स्थितींतील माणसांनीं एकत्र येऊन नीटनेटकी वस्ती वसवितां येते, हें तिनें दाखविलें. परमगुरु तेरावे लिओ यांनीं १८९१ सालच्या आपल्या परिपत्रकांत कामकऱ्यांस संघ स्थापण्याचा नैसर्गिक हक्क आहे, असें शिकविलें, तें वांद्र्याच्या ह्या मंडळींनीं आपल्या परीनें आचरलें असें म्हणावयास हरकत नाहीं.

परदेशांतील एक उदाहरण येथें उपयोगी पडेल. अमेरिकेंत शिकागो शहरांत कत्तलखान्यांच्या मागील बाजूस एक गलिच्छ वस्ती होती. तेथें पोल, लिथुआनियन, आयरिश, जर्मन असे नाना देशांचे कॅथलिक रहात. प्रत्येकाचें चर्च वेगळें, आणि एकाचें दुसऱ्याशीं पटत नसे. १९३९ सालीं सॉल अलिन्स्की नामक यहुदी तरुण व जोसेफ मीगन नामक कॅथलिक कार्यकर्ता ह्यांनीं तेथील धर्मग्रामें, कामगारांचा संघ व दुकानदार यांस एका मंडळांत आणिलें. सहायक बिशप बर्नार्ड शील यांनीं त्यांस उघड पाठिंबा दिला. त्या मंडळामुळें मुलांस शाळेंत गरम जेवण व तान्ह्या बाळांस दवाखाना मिळाला. परंतु इतिहास अर्धा सांगूं नये. पुढें कांहीं वर्षांनीं त्याच वस्तीनें आपल्या संघटनेचें बळ कृष्णवर्णीय कुटुंबांस बाहेर ठेवण्यासाठीं वापरलें, व खुद्द अलिन्स्कीस त्याचें दुःख झालें. ज्या बांधानें खारें पाणी अडवावयाचें, त्यानें माणसें अडवूं लागलों तर तो बांध राहत नाहीं, कुंपण होतें.

आपल्या वसाहतीस ही सूचना फार जवळची आहे. २०१६ सालीं पनवेलची महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हां उलवे तिच्या हद्दींत घेतलें गेलें नाहीं. ज्याच्या दारीं जाऊन गाऱ्हाणें सांगावें असा निवडलेला नगरसेवक त्यामुळें येथील रहिवाशांस लाभला नाहीं. अशा ठिकाणीं पाण्याचा दाब, दिवे, दवाखाना, खेळाचें मैदान, स्मशानभूमि व दफनभूमि, ह्या गोष्टी कोणा एका इमारतीस किंवा एका समाजास वेगळ्या मिळत नाहींत. गृहसंस्थांनीं फाटकें लावून घेतलीं आणि गांवकऱ्यांनीं पाठ फिरविली, तर दोघांचीहि शेतें खारीं होतील. ज्यांना संघटनेची विद्या शंभर वर्षांपासून अवगत आहे ते आपल्या शेजारींच रहातात. त्यांच्याजवळ जाऊन शिकण्यांत आपणांस कमीपणा कसला?

म्हणून ह्या जुबिलीनिमित्त आम्ही धर्मग्रामातील बंधुभगिनींपुढें मोठे संकल्प मांडीत नाहीं. आपल्या मुलांना त्या दहा गांवांचीं नांवें पाठ करून द्यावीं. १६ जानेवारीस जासईच्या पांच जणांसाठीं आपल्या प्रार्थनेंत दोन शब्द असावे. आपल्या सणाच्या ताटांतला एक वांटा जवळच्या गांवांत जावा, आणि गांवच्या जत्रेचें बोलावणें आलें तर आपण जावें. पाण्यासाठीं अर्ज लिहावयाचा झाला तर त्यावर गांवची व वसाहतीची सही एकाखालीं एक असावी. आम्हीं स्वतःपुरतें एक व्रत घेतलें आहे : रस्ता अडलेला दिसला तर उशीर होईल असें म्हणण्यापूर्वीं खालीं उतरून कारण विचारावें.

ते फाटकापाशीं बसणारे वृद्ध गृहस्थ आतां तेथें दिसत नाहींत. त्यांची उघाडी भरून गेली, पण बांधाचें काम संपलेलें नाहीं. तें आतां आपल्या वांट्यास आलें आहे. खांड कोठें पडली आहे हें पहावयास डोळे, व तेथवर धांवत जाण्यास पाय, परमेश्वर आपणां सर्वांस देवो.